इंग्लंडच्या धर्मशिक्षणाच्या तासातील चित्रफिती आणि शिक्षकांची तयारी

खडूफळा

इंग्लंडमधील एका माध्यमिक शाळेत मी धर्मशिक्षण हा विषय शिकवतो. भारतात शिकलेल्या वाचकांना हा विषय अनोळखी असेल, म्हणून आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो. 1944 च्या शिक्षण कायद्याने येथील सरकारी शाळांत धर्मशिक्षण सक्तीचे झाले आणि तेव्हा त्याचा अर्थ व्यवहारात ख्रिस्ती धर्माचे शिक्षण असाच होता. पुढे भारत, पाकिस्तान, पूर्व आफ्रिका आणि कॅरिबियन बेटांतून आलेल्या कुटुंबांची मुले वर्गात बसू लागली. 1967 मध्ये निनियन स्मार्ट यांनी लँकेस्टर विद्यापीठात धर्मांच्या अभ्यासाचा विभाग सुरू केला, 1975 मध्ये बर्मिंगहॅम शहराने अनेक धर्मांना स्थान देणारा अभ्यासक्रम स्वीकारला आणि 1988 च्या कायद्याने ख्रिस्ती परंपरेला प्राधान्य कायम ठेवून देशातील इतर प्रमुख धर्मांची शिकवण व आचार यांची दखल घेणे बंधनकारक केले. विषय सक्तीचा असूनही तो राष्ट्रीय अभ्यासक्रमाचा भाग नाही. प्रत्येक स्थानिक प्राधिकरणाला 'सॅक्रे' नावाची सल्लागार समिती नेमावी लागते आणि तेथील अभ्यासक्रमाचा दर पाच वर्षांनी फेरविचार करावा लागतो.

आज या विषयाचा तास चित्रफितीशिवाय क्वचितच होतो. बीबीसीचे 'बाइटसाइझ', 'ट्रूट्यूब'च्या लघुचित्रफिती, 'आरई:ऑनलाइन'वरील साहित्य आणि 2020 च्या टाळेबंदीनंतर सगळीकडे पसरलेली प्रार्थनास्थळांची आभासी सफर यांपैकी काही ना काही फळ्यावर चालू असते. त्याचे एक साधे कारण आहे. इतिहास, भूगोल किंवा क्रीडा शिकवणाऱ्या ज्या शिक्षकाच्या वेळापत्रकात दोन तासिका मोकळ्या असतात, त्याच्याकडे हा विषय सोपवला जातो, आणि प्राथमिक शाळेत तर वर्गशिक्षक पाठांच्या तयारीसाठी बाहेर असताना हा तास अनेकदा दुसराच कोणी घेतो. शाळा-तपासणी करणाऱ्या ऑफस्टेड या संस्थेने एप्रिल 2024 मध्ये या विषयावर जो अहवाल दिला, त्यातही शिक्षकांना मिळणारे विषयाचे प्रशिक्षण अपुरे असल्याची तक्रार ठळकपणे आली आहे. ज्याला शिखांची अरदास आणि मुसलमानांची नमाज यांविषयी सांगण्याजोगे फारसे ठाऊक नाही, तो शिक्षक चार मिनिटांची चित्रफीत लावतो. मी त्याला दोष देत नाही.

माझा आक्षेप त्यानंतरच्या गोष्टीला आहे. ती चित्रफीत कोणी, कोणाच्या पैशाने आणि कोणासाठी केली, हे वर्गात कोणी विचारत नाही. हिंदू धर्मावरील अनेक शालेय चित्रफितींत दिवाळी, आरती, एखादे मोठे संगमरवरी मंदिर आणि 'ब्रह्मन् एकच, त्याची तीन रूपे' असे वाक्य ठरलेले असते. त्रिमूर्तीला एवढे महत्त्व का, हे ख्रिस्ती त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा) शिकलेल्या वर्गाकडे पाहिले की कळते, कारण तो साचा मुलांच्या ओळखीचा असतो. पण ज्या मराठी मुलाच्या घरी खंडोबाची तळी भरतात, गौरी-गणपती बसतात आणि आजोबा आषाढीला पंढरपूरला जातात, त्याला आपले घर त्या चित्रफितीत सापडत नाही. मंदिरे बहुधा गुजराती किंवा इस्कॉनची असतात, कारण शाळांच्या सहलींची आणि चित्रीकरणाची व्यवस्था त्यांनी चांगली उभी केली आहे. हे त्यांचे श्रेय आहे. आपण मात्र ते चित्र सगळ्या हिंदूंचे म्हणून दाखवतो.

वॉरिक विद्यापीठातील रॉबर्ट जॅक्सन यांनी धर्म शिकवताना तीन पातळ्या वेगळ्या ठेवण्याचा आग्रह धरला: संपूर्ण धर्मपरंपरा, तिच्यातील विशिष्ट गट आणि त्या गटातील एक व्यक्ती. डिजिटल साहित्य या तीन पातळ्या फार सहज एकमेकींत मिसळून टाकते, कारण पडद्यावर दिसणारी मुलगी एकच असते आणि निवेदक बोलतो 'हिंदू लोक' असे. म्हणून शिक्षकांच्या प्रशिक्षणात स्मार्ट बोर्ड कसा चालवावा किंवा प्रश्नमंजुषेचे अॅप कोणते घ्यावे यावर खर्च होणारा वेळ कमी करून, चित्रफीत तपासायची कशी हे शिकवावे, असे माझे मत झाले आहे. या चर्चामंचावर शिक्षक, पालक आणि इतरही जाणकार आहेत, त्यांचा अनुभव वाचायला आवडेल.

थेम्सकाठ

लेख महत्त्वाचा आहे. मी पालक म्हणून लिहिते. माझ्या मुलीच्या वर्गात हिंदू धर्मावरील एका चित्रफितीत जातिव्यवस्थेचा पिरॅमिड दाखवला गेला आणि दिवे लागताच वर्गातील सगळे तिच्याकडे वळले. तू यातल्या कुठल्या पायरीवर, असा प्रश्न एका मुलाने निरागसपणे विचारला. बाईंनी तो थांबवला नाही, उलट 'सांगायचे असेल तर सांग' म्हणाल्या. बारा वर्षांच्या मुलीने शंभर कोटी लोकांच्या वतीने उत्तर द्यावे, ही अपेक्षा त्या चित्रफितीनेच तयार केली होती, कारण तिच्यात एकही खरा माणूस नव्हता. पिरॅमिड होता, बाण होते आणि निवेदन होते.

आपण सांगितलेल्या तीन पातळ्यांचा उपयोग मला येथे दिसतो. पडद्यावर एखादी विशिष्ट मुलगी, तिचे नाव, तिचे गाव, तिच्या घरातील रीत असे दिसले, तर वर्गातील आमच्या मुलांवरचे 'प्रतिनिधी' होण्याचे ओझे उतरते. मग माझी मुलगी 'आमच्याकडे असे नसते' एवढे म्हणून मोकळी होऊ शकते.

कलम_दवात

पुण्यातून लिहितो. वकिली पेशामुळे मला या विषयाचा वेगळा कोन दिसतो. आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद 28 नुसार पूर्णतः शासकीय निधीवर चालणाऱ्या शैक्षणिक संस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, आणि शासनमान्य किंवा अनुदानित संस्थेत ते दिले जात असेल तर विद्यार्थ्यावर, तो अल्पवयीन असल्यास त्याच्या पालकाच्या संमतीशिवाय, हजर राहण्याची सक्ती करता येत नाही. 2002 च्या अरुणा रॉय खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने धर्माचे शिक्षण आणि धर्मांविषयीचे शिक्षण यांत फरक केला आणि दुसऱ्याला घटनेचा अडसर नाही असे मानले. तरीही आपल्याकडे शाळेच्या वेळापत्रकात 'धर्मांविषयी' असा विषय उभा राहिला नाही. जे काही चालते ते शाळेबाहेर: बालसंस्कार वर्ग, मदरसे, चर्चमधील रविवारचे वर्ग, विहारांतील धम्मवर्ग, आळंदीच्या वारकरी शिक्षण संस्थेसारख्या 1917 पासूनच्या संस्था.

म्हणून माझा प्रश्न असा आहे. आपल्याकडे व्हॉट्सअॅपवर आणि यूट्यूबवर मुले जे धर्मशिक्षण घेत आहेत, त्याला शिक्षकच नाही. तुमच्याकडे निदान अर्धवट तयारीचा का होईना, एक शिक्षक मुलांच्या आणि चित्रफितीच्या मध्ये उभा आहे. ही तुलना तुम्ही गृहीत धरलेली दिसत नाही.

खडूफळा

कलम_दवात, तुलना मान्य आहे, आणि त्या मधल्या माणसाला सक्षम करावे एवढीच माझी मागणी आहे. थेम्सकाठ, इंग्लंडमध्ये पालकांना आपल्या पाल्याला या तासातून पूर्णतः किंवा अंशतः काढून घेण्याचा हक्क आहे आणि शिक्षकालाही हा विषय शिकवण्यास नकार देण्याचा हक्क आहे. वेल्समध्ये 2022 पासून लागू होत आलेल्या नव्या अभ्यासक्रमात विषयाचे नाव 'धर्म, मूल्ये आणि नीतिशास्त्र' असे झाले आणि पालकांचा तो हक्क राहिला नाही. पण आपल्या मुलीला काढून घेतल्याने पिरॅमिड तेथेच राहील. शाळेत जाऊन ती चित्रफीत पाहण्यास मागणे अधिक उपयोगी ठरेल, आणि बहुतेक शाळा नाही म्हणत नाहीत.

सोपारा

मी वसईतील एका कॅथलिक धर्मग्रामात (चर्चच्या परगण्यात) लहान मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग घेते. आमचा हेतू इंग्लंडच्या वर्गापेक्षा वेगळा आहे, हे आधी नमूद करते. आम्ही श्रद्धेची जडणघडण करतो, धर्मांची तुलना करत नाही. तरीही शिक्षकांच्या तयारीचा प्रश्न तोच आहे, किंबहुना आमच्याकडे तो अधिक बिकट आहे, कारण आम्ही सगळे स्वयंसेवक आहोत. कोणी बँकेत नोकरीला आहे, कोणी शाळेत, कोणी गृहिणी.

2020 मध्ये व्हॅटिकनने धर्मशिक्षणासाठी जी नवी निर्देशिका प्रसिद्ध केली, तिच्यात डिजिटल संस्कृतीवर स्वतंत्र विभाग आहे. त्याच वर्षी चर्चचे दरवाजे बंद झाले आणि मोबाइलवर वर्ग घ्यावे लागले. तेव्हा हाताशी असलेले साहित्य पाहिले, तर बहुतेक अमेरिकेतील होते: इंग्रजी भाषा, बर्फातील नाताळ, गोऱ्या चेहऱ्यांचे संत. आमच्याकडची मुले घरी सामवेदी बोलतात आणि प्रार्थना मराठीत म्हणतात. चित्रफिती चांगल्या होत्या, मुले खिळून बसत, पण नंतर विचारले की नाताळ कसा असतो, तर ती पडद्यावरचा नाताळ सांगत. घरातला सांगत नसत.

मग आम्ही उलट दिशेने गेलो. मुलांना आपल्या आजीला एकच प्रश्न विचारून तिचे उत्तर मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून आणायला सांगितले: तुमच्या लहानपणी उपवासकाळात घरात काय काय वर्ज्य असे? ती उत्तरे वर्गात ऐकवली. त्यात विसंगती निघाल्या, एका आळीत एक रीत आणि शेजारच्या आळीत दुसरी. त्या विसंगतींवर जेवढी चर्चा झाली, तेवढी कोणत्याही तयार चित्रफितीवर झाली नव्हती. शिक्षकांसाठीही ते शिकणेच होते. त्याच वेळी एक मर्यादाही लक्षात ठेवावी लागते. इंटरनेटवर संस्कारविधी होत नाहीत, अशी भूमिका चर्चने 2002 मध्येच स्पष्ट केलेली आहे. पडद्यावरचा मिस्सा (चर्चमधील उपासनाविधी) पाहणे म्हणजे त्यात सहभागी होणे नव्हे, हे मुलांना समजावणे टाळेबंदीनंतर फार अवघड गेले.

नागनदी

मी मूळचा नागपूरचा, सध्या वेस्ट मिडलंड्समध्ये राहतो. बौद्ध धम्माच्या बाबतीत खडूफळा यांचे म्हणणे अधिकच लागू पडते. येथील शालेय साहित्यात बौद्ध म्हणजे काषाय वस्त्रातील थाई भिक्खू, तिबेटी प्रार्थनाचक्र किंवा डोळे मिटून बसलेला एखादा इंग्रज. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या लाखो अनुयायांनी घेतलेली दीक्षा आणि बावीस प्रतिज्ञा यांचा उल्लेख झालाच तर एका ओळीत होतो. ज्या लंडनमध्ये बाबासाहेब शिकले आणि जेथील त्यांचे वास्तव्य असलेले घर महाराष्ट्र शासनाने 2015 मध्ये विकत घेतले, त्याच देशातील मुलांना हे माहीत नसावे, याचे वैषम्य वाटते.

यात एक विरोधाभास आहे. येथील शाळांसाठी बौद्ध विषयावर चित्रफिती करणाऱ्यांत मँचेस्टरच्या 'क्लिअर व्हिजन' या न्यासाचे नाव जुने आहे. हा न्यास त्रिरत्न बौद्ध समुदायाशी जोडलेला आहे, आणि त्या समुदायाचे संस्थापक संघरक्षित यांचा आंबेडकरी चळवळीशी धर्मांतराच्या काळापासून संबंध होता. पुण्यात त्रैलोक्य बौद्ध महासंघ सहायक गण म्हणून जे काम उभे राहिले, ते याच समुदायाचे. म्हणजे दुवा अस्तित्वात आहे. शिक्षकाने निर्मात्याचे नाव वाचून एक पाऊल पुढे टाकले, तर त्याला नागपूर सापडू शकते. वुल्व्हरहॅम्प्टनमध्ये तर पंजाबी आंबेडकरी बौद्धांचा विहारच आहे. तेथे जाण्यासाठी आभासी सफर लागत नाही, बस पुरते.

दुरुस्तीखाते

मी शिक्षक नाही. शाळांची संगणकव्यवस्था सांभाळणे हा माझा व्यवसाय आहे. एक गोष्ट येथे कोणी बोलले नाही, ती म्हणजे गाळणी. 2015 च्या दहशतवादविरोधी कायद्यानंतर येथील शाळांवर 'प्रिव्हेंट' नावाचे, म्हणजे मुले दहशतवादाकडे ओढली जाऊ नयेत याची काळजी घेण्याचे, कर्तव्य आले आणि इंटरनेटवरील साहित्य गाळणारी व त्यावर पाळत ठेवणारी यंत्रणा सगळीकडे कडक झाली. यंत्रणेला संदर्भ कळत नाही. स्वस्तिक शोधणाऱ्या विद्यार्थ्याची नोंद थेट सुरक्षा-अधिकाऱ्याकडे जाते, मग तो जैन धर्मावरचा गृहपाठ करत असला तरी. जिहाद या संज्ञेचा अर्थ शिकवणाऱ्या शिक्षकाला तयार पाठाचे पान वर्गात उघडत नाही, आणि तो मुकाट्याने पुन्हा पाठ्यपुस्तकाकडे वळतो. धर्मशिक्षणाच्या विभागप्रमुखाने वर्षाच्या सुरुवातीला आमच्यासारख्या माणसाबरोबर अर्धा तास बसून संज्ञांची यादी द्यावी, एवढ्याने बराच त्रास कमी होतो. प्रशिक्षणात हे कोणी सांगत नाही.

दुसरे, कृत्रिम बुद्धिमत्ता. धर्मपुरुषाच्या भूमिकेत बोलणारे चॅटबॉट आता उपलब्ध आहेत आणि 'येशूला विचारा' असा पाठ घेण्याचा मोह शिक्षकांना होतो, हे मी पाहतो. तांत्रिक बाजूने सांगतो: तो यंत्रसंवाद असंख्य मजकुरांवरून सर्वसाधारण उत्तर जुळवतो. गट आणि व्यक्ती या पातळ्या त्यात आपोआप पुसल्या जातात. खडूफळा यांना नको असलेला निवेदक तो हाच, फक्त आता तो प्रश्नांची उत्तरेही देतो.

जुनी_पाटी

सगळ्यांचे वाचले. मी तीस-पस्तीस वर्षे शिक्षकी केली आहे, तेव्हा थोडा विरोधी सूर लावतो. आठवड्याला दहा-अकरा वर्ग घेणाऱ्या आणि प्रत्येक वर्गाला एकच तास मिळणाऱ्या शिक्षकाने चित्रफितीचा निर्माता, त्याचा निधी आणि त्याचा हेतू शोधत बसावे, ही अपेक्षा वस्तुस्थितीला धरून नाही. शिवाय ज्याला विषयच येत नाही, तो चित्रफीत तपासणार कशाच्या आधारावर? त्रिमूर्तीवर दिलेला भर अवाजवी आहे हे खडूफळा यांना जाणवले, कारण ते मराठी घरात वाढले. डर्बीच्या क्रीडाशिक्षकाला ते कसे जाणवावे? आधी ज्ञान द्या, चिकित्सा त्यानंतर येईल. मला विचाराल तर एक उत्तम पाठ्यपुस्तक आणि ते नीट वाचलेला शिक्षक या जोडीपुढे बाकी सगळे दुय्यम आहे.

खडूफळा

जुनी_पाटी, आपला आक्षेप या धाग्यातील सर्वांत कठीण आहे. ज्ञानाशिवाय चिकित्सा पोकळ होते, हे खरे. पण ज्ञान येईपर्यंत थांबायचे म्हटले तर तो क्रीडाशिक्षक उद्या सकाळी नऊ वाजता वर्गात काय करणार, याचे उत्तर मिळत नाही. पाठ्यपुस्तकातही तोच 'हिंदू लोक' म्हणणारा निवेदक असतो. फरक एवढाच की पुस्तकाचा लेखक मुखपृष्ठावर दिसतो.

आमच्या भागातील शिक्षकांसाठी मी जे सत्र घेतो, त्यात विषयाचे सखोल ज्ञान गृहीत धरलेले नसते. एकाच सणाच्या दोन चित्रफिती घेतो, शक्यतो दोन वेगळ्या निर्मात्यांच्या. पहिली आवाज बंद करून लावतो आणि शिक्षकांना फक्त जे दिसते ते लिहायला सांगतो: कोण आहे, कोठे आहे, स्त्रिया काय करतात, पुरुष काय करतात, मुले कोठे आहेत. मग आवाजासह लावतो आणि निवेदनातील कोणते विधान दृश्यात दिसलेच नाही, त्यावर खूण करायला सांगतो. ज्या शिक्षकाला वैशाखीबद्दल काहीही माहीत नाही, त्यालाही हे जमते. 'सर्व शीख पाच ककार (न कापलेले केस, कंगवा, कडे, कच्छा आणि कृपाण) धारण करतात' असे निवेदक म्हणतो आणि पडद्यावर केस कापलेले तरुण लंगरमध्ये पोळ्या लाटत असतात. प्रश्न तेथेच उभा राहतो. त्यानंतर दुसरी चित्रफीत लावली की कोणत्या गोष्टी दोन्हींत आल्या आणि कोणत्या एकीतच, याची यादी शिक्षक स्वतःच करतात, आणि त्या यादीतून वाचण्याची गरज निर्माण होते. तेव्हा मी पुस्तक देतो. चिकित्सा आधी आणि ज्ञान मागून, असा हा क्रम आपल्याला उलटा वाटेल, पण प्रौढ माणूस गरज लागल्याशिवाय वाचत नाही, असे माझे निरीक्षण आहे.

काही बाबतींत मात्र आपण म्हणता तसे ज्ञान आधीच हवे, कारण तेथे चुकीची किंमत फार मोठी आहे. चित्रांचा प्रश्न तसा आहे. 2021 मध्ये वेस्ट यॉर्कशायरमधील बॅटली येथील शाळेत धर्मशिक्षणाच्या तासाला प्रेषित मुहम्मद यांचे व्यंगचित्र दाखवल्याने निदर्शने झाली आणि संबंधित शिक्षकाला कुटुंबासह घर सोडून लपून राहावे लागले. चौकशीत त्याचा दुखावण्याचा हेतू नव्हता असाच निष्कर्ष निघाला. त्या शिक्षकाला शाळेने, व्यवस्थेने आणि समाजाने एकटे पाडले, हे माझे ठाम मत आहे. पण आज कोणत्याही शिक्षकाला सर्चमध्ये एक नाव टाकून क्षणात चित्र मिळते आणि त्या चित्रामागची शतकांची चर्चा मिळत नाही. शीख गुरूंची भूमिका नटाने करणे शीख परंपरेला मान्य नाही, तरीही नाट्यरूपांतरे आणि आता यंत्रनिर्मित चित्रे सहज सापडतात. कोणते चित्र कोणत्या परंपरेत का वर्ज्य आहे, ते कोणी मानतात आणि कोणी मानत नाहीत, इस्लामी कलेच्या इतिहासात इराणी आणि तुर्की लघुचित्रे कशी आली, हे सगळे प्रशिक्षणाच्या पहिल्या आठवड्यात यायला हवे.

थेम्सकाठ

सोपारा यांचा आजीचा प्रयोग येथे करता येईल का? आमच्या मंडळात अशा आज्या पुष्कळ येतात, विशेषतः उन्हाळ्यात.

खडूफळा

करता येईल, आणि व्हावा. लंडनचे महाराष्ट्र मंडळ 1932 पासून आहे, पण शाळांच्या उपयोगाचे मराठी धार्मिक जीवनाचे ध्वनिमुद्रण माझ्या तरी पाहण्यात आलेले नाही. वारीचे उदाहरण घ्या. ड्रोनमधून टिपलेली रिंगणाची दृश्ये यूट्यूबवर भरपूर आहेत आणि ती डोळे दिपवतात. पण वरून पाहिले की वारी म्हणजे गर्दी एवढेच कळते. आळंदी ते पंढरपूर हे सुमारे अडीचशे किलोमीटर अंतर चालताना दिंडीत कोण कोठे चालते, कोणता अभंग केव्हा म्हणतात, रात्रीचा मुक्काम आणि स्वयंपाक कोणाकडे असतो, हे एका वारकरी बाईने सात-आठ मिनिटांत सांगितले आणि त्याखाली इंग्रजी भाषांतराच्या ओळी आल्या, तर माझ्या वर्गाला तेवढे पुरे आहे.

नागनदी

अशा मुद्रणासाठी परवानगीची काय पद्धत ठेवावी? विहारात आम्ही हे करू इच्छितो, पण लहान मुलांचे चेहरे येतील याची चिंता आहे.

खडूफळा

मुलांचे चेहरे शक्यतो घेऊच नयेत. हात, वस्तू आणि आवाज पुरतात. बोलणाऱ्या प्रौढ व्यक्तीकडून लेखी संमती घ्यावी आणि तीत तीन गोष्टी स्पष्ट असाव्यात: चित्रफीत फक्त शाळेच्या अंतर्गत व्यवस्थेवर राहील की सार्वजनिक होईल, किती वर्षे ठेवली जाईल, आणि ती काढून टाकायची झाल्यास कोणाशी संपर्क साधायचा. सुरुवातीला त्या व्यक्तीने स्वतःचे गाव, आपली परंपरा आणि आपण कोणाच्या वतीने बोलत नाही, हे स्वतःच्या शब्दांत सांगावे. विहाराच्या मुद्रणात बावीस प्रतिज्ञांपैकी बोलणाऱ्याला स्वतःला जवळच्या वाटणाऱ्या एक-दोनच घ्याव्यात, सगळ्या वाचून दाखवू नयेत, कारण यादी मुलांना पुस्तकातही मिळते. 'सॅक्रे'च्या बैठका सार्वजनिक असतात. तुमच्या प्राधिकरणाच्या समितीवर बौद्ध प्रतिनिधी आहे का ते पाहा, आणि जागा रिकामी असेल तर अर्ज करा. मुद्रण तयार झाल्यावर ते तेथे मांडले, तर पुढच्या फेरविचारात त्याची नोंद होण्याची शक्यता वाढते.